एसीएलच्या ऑपरेशननंतर पुन्हा जड वजन : रॉड कधी, किती आणि कसा

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारी दोरी (लिगामेंट), नव्याने बसवण्याच्या ऑपरेशनला पाच महिने झालेत, गुडघा दुखत नाही आणि रॉडवर ८० किलो लावून स्क्वॉटचे, म्हणजे रॉड खांद्यावर घेऊन बसून उठण्याचे, पाच रेप्स निघतायत. इथवर आलेल्या बहुतेकांना वाटतं की पाय पहिल्यासारखा झाला. तसं वाटत असेल तर सुईचे दोन वजनकाटे मिळवा. जुन्या पद्धतीचेच हवेत, कारण डिजिटल काटा एक आकडा पकडून थांबतो आणि सुई तुमच्याबरोबर हलत राहते. कडक फरशीवर दोन्ही काटे शेजारी ठेवा, एकेकावर एकेक पाऊल ठेवून उभे राहा आणि रॉड न घेता, मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत सावकाश खाली बसा. तिथे ५ सेकंद थांबा आणि कोणाला तरी दोन्ही आकडे वाचायला सांगा.

८० किलोच्या माणसाचे काटे ४०–४०च्या आसपास दिसायला हवेत. पाचव्या महिन्यात ४६–३४ दिसणं मुळीच दुर्मीळ नाही. गंमत म्हणजे सरळ उभं असताना हेच काटे बरोबर असतात. फरक पडतो तो खाली जाताना, आणि आपण एका अंगावर सरकलोय हे त्या माणसाला जाणवतही नाही. म्हणजे ८० किलोचा तो स्क्वॉट मुख्यतः चांगल्या पायाने मारलेला होता.

दोन पायांच्या स्क्वॉटचा आकडा पायापेक्षा आधी परत येतो. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून इथे महिने दिलेले असले तरी ते 'याच्या आधी नको' एवढंच सांगतात. पुढच्या टप्प्यावर जायचं की नाही हे सूज, गुडघ्याचा सरळपणा आणि एका पायाची ताकद ठरवते. तुमच्या सर्जनने किंवा फिजिओने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. सर्जनने तर तुमचा गुडघा आतून पाहिलाय.

आधी ऑपरेशनचा कागद वाचा

जिममधल्या मित्राचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलण्याआधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि दोन गोष्टी शोधा.

पहिली, ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली दोरी, कुठून घेतला. भारतात सर्वांत जास्त वापर होतो तो मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा. त्यात आतल्या बाजूच्या एक किंवा दोन दोऱ्या (टेंडन) काढून, घड्या घालून साधारण ८–९ मिमी जाडीचा नवा लिगामेंट करतात. तुमचा ग्राफ्ट असा असेल तर मांडीची मागची बाजू हीसुद्धा एक जखम आहे. पहिले ८ ते १२ आठवडे लेग कर्ल (मशीनवर टाच ढुंगणाकडे ओढणं) किंवा ताण देऊन पाय मागे ओढण्याचा कुठलाही व्यायाम नको. मध्येच 'टक' असा आवाज होऊन मांडीमागे कळ येते ती याच घाईने. गुडघ्याच्या वाटीखालच्या दोरीचा मधला एक-तृतीयांश भाग हाडाच्या तुकड्यांसकट घेतला असेल, तर हाडात तो लवकर धरतो, पण गुडघ्याच्या पुढे दुखणं आणि गुडघे टेकून बसताना त्रास होणं बराच काळ राहतं. वाटीवरच्या क्वाड्रिसेप्सच्या दोरीतून ग्राफ्ट घेतला असेल तर पुढच्या मांडीची ताकद यायला जास्त वेळ लागतो. पायाच्या बाहेरच्या बाजूची पेरोनियस दोरी घेतली असेल तर एका पायावरचा तोल आणि घोट्याचे व्यायाम सुरुवातीपासून जोडीला घ्या.

दुसरी गोष्ट, गादीचं, म्हणजे मेनिस्कसचं काय केलं. फाटलेला तुकडा कापून काढला असेल तर वेळापत्रक फारसं बदलत नाही. गादी शिवली असेल तर मात्र सगळंच बदलतं. खोल वाकलेल्या गुडघ्यावर वजन आलं की टाक्यांवर थेट ओढ बसते. त्यामुळे वजन घेऊन ९० अंशांच्या खाली जाणं साधारण चार ते सहा महिने बंद असतं, आणि गादीचं मूळ जोडलं असेल तर पहिले सहा आठवडे पायावर पूर्ण भारही देऊ देत नाहीत. कार्डावर 'रिपेअर' हा शब्द असेल तर खालच्या प्रत्येक खोल स्क्वॉटला सर्जनची परवानगी लागेल असं धरून चाला.

सगळ्यात बरं वाटतं तेव्हाच ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो

शरीरात बसवलेल्या नव्या दोरीला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. तिच्यातल्या मूळ पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात आणि तंतू पुन्हा रांगेत लागतात. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. यात साधारण ६ ते १२ आठवडे हा काळ असा असतो, की ऑपरेशनच्या दिवशी होता त्यापेक्षा ग्राफ्ट अशक्त असतो. नेमक्या याच दिवसांत कुबड्या सुटतात, दुखणं थांबतं, जिना सहज चढता येतो आणि माणूस 'जरा बघू तरी' म्हणून रॉडखाली जातो. दुखत नाही याचा ग्राफ्ट पक्का झाला असा अर्थ होत नाही.

पहिले सहा आठवडे

या काळात उचलण्यासारखं काही नाही, पण इथे राहिलेली चूक दहाव्या महिन्यात आडवी येते. कामं तीनच: गुडघा पूर्ण सरळ करणं, सूज उतरवणं आणि पुढच्या मांडीचा स्नायू पुन्हा जागा करणं.

सरळ करण्यासाठी टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघ्याखाली काहीही नको, आणि १० मिनिटं तसंच राहू द्या. दिवसातून चार वेळा. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय आरामाची वाटते, पण गुडघा वाकडाच राहण्याचं तेच मोठं कारण आहे. पालथं झोपून दोन्ही पाय गुडघ्यापासून पुढे पलंगाबाहेर सोडा आणि टाचांची उंची बघा. एक टाच दुसरीपेक्षा वर राहत असेल तर प्रत्येक सेंटिमीटरमागे सरळपणात साधारण एक अंशाची तूट आहे असं समजा. दोन महिन्यांनंतरही शेवटचे काही अंश येत नसतील आणि सरळ करताना पुढे काहीतरी अडकल्यासारखं वाटत असेल, तर जोर लावून दाबत बसू नका. ग्राफ्टच्या पुढे जखमेच्या पेशींची गाठ तयार होऊन अडथळा होऊ शकतो. तो व्यायामाने जात नाही, सर्जनला दाखवावा लागतो.

सूज टेपने मोजता येते, पण हाताने बघायला शिका. पाय सरळ ठेवून वाटीच्या आतल्या बाजूला, खालून वर मांडीकडे तळहाताने दोन-तीनदा निपटा. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा आणि आतल्या खळग्याकडे बघत राहा. पाण्याची छोटी लाट उमटली तर थोडं पाणी आहे. हात फिरवण्याआधीच खळगा आपोआप भरला तर बरंच आहे. आणि निपटून पाणी हलतच नसेल तर गुडघा भरलेला आहे. हे शिकायचं कारण असं, की सांध्यात २०–३० मिलिलिटर पाणी, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, एवढ्यानेही मेंदू पुढच्या मांडीच्या आतल्या स्नायूला दिलेला हुकूम आवरता घेतो. सुजलेल्या गुडघ्यावर कितीही सेट मारा, तो स्नायू नीट कामाला लागत नाही.

मांडीसाठी: पाय सरळ ठेवून वाटी वर खेचली जाईल असा स्नायू आवळा, ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. त्यानंतर सरळ पाय उचलणं. उचलताना गुडघा जराही वाकत असेल तर तो रेप मोजायचा नाही.

टाके सुकल्यावर वरच्या अंगाचा व्यायाम सुरू करायला हरकत नाही, पण बसून किंवा झोपून. बेंच प्रेसमध्ये पायाने जमीन ढकलू नका, वजन हलकं ठेवा. आणि प्लेट्स दुसऱ्याला लावू द्या. एका हातात २० किलोची प्लेट घेऊन एका पायावर वळणं हाच जिममधला या दिवसांतला सर्वांत वाईट क्षण आहे.

पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखम लाल होऊन गरम लागली किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चिरेच्या बाहेरच्या बाजूला नडगीवर बधिरपणा असेल तर घाबरू नका. तिथली त्वचेची बारीक नस चिरेत दुखावते, तो भाग हळूहळू लहान होतो किंवा तसाच राहतो, ताकदीवर परिणाम होत नाही.

सहा ते बारा आठवडे: रॉडशिवाय पाया

इथे प्रवेश करायच्या अटी: टाच दुसऱ्याइतकी खाली, सूज नाही किंवा जेमतेम लाट, न लंगडता चाल, आणि सरळ पाय उचलताना गुडघा ढळत नाही.

उंच खुर्चीवर बसणं-उठणं यापासून सुरुवात करा. ३ सेट, १० रेप्स, खाली जाताना ३ सेकंद. काटे इथेच कामाला लावा. फरक एकूण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४२–३८ इतका आला, की खुर्चीची उंची ५ सेंटिमीटरने कमी करा. मग ५–८ किलोचा डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट. लेग प्रेस दोन्ही पायांनी एक-दोन आठवडे करून लगेच एका पायावर आणा. १० सेंटिमीटरच्या पायरीवरून सावकाश खाली उतरणं हा दिसायला किरकोळ पण फार गुणकारी व्यायाम आहे. आरशासमोर करा. गुडघा आत झुकला किंवा कंबर एका बाजूला पडली की सेट संपला.

लेग एक्स्टेंशनबद्दल, म्हणजे मशीनवर बसून वजनासह गुडघा सरळ करण्याबद्दल, दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक 'कधीच करू नका' आणि दुसरं 'काही होत नाही'. खरं असं, की गुडघा सरळ होत जाण्याच्या शेवटच्या भागात, साधारण ४० अंशांपासून पूर्ण सरळ होईपर्यंत, हे मशीन ग्राफ्टला पुढे ओढतं. ९० ते ४५ अंशांत ही ओढ फारच कमी असते. म्हणून मशीनची पिन किंवा बेल्ट लावून पाय ४५ अंशांच्या वर जाणार नाही असं करा आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून फिजिओच्या देखरेखीखाली हलक्या वजनाने सुरू करा. पूर्ण फिरतीवर वजन लावणं चौथ्या महिन्यानंतर. हे मशीन पूर्णपणे वगळणाऱ्यांची पुढची मांडी वर्षभरानेही बारीक राहिलेली दिसते. स्क्वॉटमध्ये शरीर कंबर आणि पाठीकडे काम ढकलू शकतं, या मशीनवर ढकलायला जागाच नसते.

हॅमस्ट्रिंग ग्राफ्टवाल्यांनी या टप्प्यात फक्त पुलासारखी कंबर उचलणं, तेही दोन पायांनी. आठव्या आठवड्यानंतर रिकामा रॉड किंवा १०–१५ किलो घेऊन रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे थोडेच वाकवून कंबरेतून पुढे झुकणं), मांडीमागे ओढ जाणवेल तिथपर्यंतच.

तिसरा ते सहावा महिना: रॉड परत खांद्यावर

सर्वांत आधी जिममधला रॉड तोलून घ्या. ७ फुटी ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो, पण अनेक जिममधले छोटे रॉड ८ ते १२ किलोंत भरतात आणि दोन दिसायला सारखे रॉडही वेगळे निघतात. काट्यावर स्वतः उभे राहा, मग रॉड धरून उभे राहा, फरक लिहून ठेवा. दर आठवड्याला अडीच किलो वाढवणार असाल तर सुरुवातीचा आकडाच चुकून चालत नाही.

बॉक्स स्क्वॉटने सुरुवात करा. बॉक्स गुडघ्याच्या उंचीइतका, टेकून एक सेकंद थांबायचं, धपकन बसायचं नाही. पहिला आठवडा रिकामा रॉड, ३ सेट ८ रेप्स. त्यानंतर आठवड्याला अडीच ते पाच किलो. सहाव्या महिन्याच्या शेवटी ऑपरेशनआधीच्या सर्वोत्तम स्क्वॉटच्या ५५–६० टक्के ही वरची मर्यादा धरा. १४० किलो मारणाऱ्याला साधारण ८० किलो. तिथे पोहोचायलाच हवं असं नाही, तिच्या वर जायचं नाही एवढंच. सेट संपताना किमान तीन रेप्स शिल्लक असाव्यात. अडकून, थरथरत काढलेला रेप या महिन्यांत नको, कारण दमलेलं शरीर सर्वांत आधी चांगल्या पायाकडे पळतं.

आठवड्यात पायांचे दोन किंवा तीन दिवस पुरतात, मध्ये किमान एक दिवस सोडून. एका चांगल्या दिवसाचा क्रम असा: आधी ८–१० मिनिटं सायकल, मग एका पायाचा लेग प्रेस, ऑपरेशन झालेल्या पायाला ४ सेट आणि चांगल्या पायाला २, प्रत्येकी ८–१०. मग लेग एक्स्टेंशन त्याच प्रमाणात. त्यानंतर बॉक्स स्क्वॉट ३ सेट ६–८. शेवटी रोमानियन डेडलिफ्ट ३ सेट ८ आणि उभ्याने पोटरी ३ सेट १५. एका पायाचं काम आधी का? ताज्या अंगाने करायचं काम कोणतं, हे ठरवण्याचा तोच मार्ग आहे. पॉवरलिफ्टिंगची सवय असलेल्यांना हा क्रम उलटा वाटतो, आणि बहुतेक जण दोन आठवड्यांत तो गुपचूप पुन्हा पालटतात. निदान नवव्या महिन्यापर्यंत पालटू नका.

डेडलिफ्ट, म्हणजे रॉड खालून उचलून उभं राहणं, गुडघ्याला सोपी जाते, त्यामुळे तिचा आकडा स्क्वॉटच्या फार पुढे पळतो. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, म्हणजे रॅकच्या पिनवर रॉड ठेवून सुरू करा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एक भोक खाली. सुमोपेक्षा (पाय खूप फाकवून करायच्या पद्धतीपेक्षा) नेहमीच्या पद्धतीची डेडलिफ्ट आधी. सुमोत पाय बाहेर वळलेले असतात, आणि गुडघा दमल्यावर आत कोसळला की ग्राफ्टवर पिळाचा ताण येतो.

वजन वाढवायचं की नाही याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं, जिममध्ये नाही. वाटीच्या मधोमध पेनाने ठिपका करा आणि उठल्याबरोबर टेपने घेर मोजा. व्यायामाच्या आदल्या सकाळपेक्षा एक सेंटिमीटर किंवा जास्त वाढ असेल, किंवा हाताने निपटल्यावर लाट मोठी झाली असेल, तर पुढच्या वेळी वजन २० टक्क्यांनी खाली आणि खोली कमी. व्यायाम चालू असताना १० पैकी ३ पर्यंतचं दुखणं चालतं, पण ते २४ तासांत आधीच्या पातळीवर यायला हवं. व्यायामाआधी दुखण्याची गोळी घेऊ नका. ती हीच खबर दाबून टाकते.

मोबाईल मागच्या बाजूला, बेंचवर कंबरेच्या उंचीवर ठेवून दर आठवड्याला एक सेट चित्रित करा. पायांच्या मधोमध जमिनीवर रंगीत टेप लावा. खालून वर येताना पहिल्या अर्ध्या सेकंदात कंबर त्या रेषेपासून चांगल्या पायाकडे सरकते का, एवढंच बघायचं. पुढून बघितलं तर हे नीट दिसत नाही.

परीक्षा: एकाच पायावर

सहाव्या महिन्यात पहिली, मग दर सहा आठवड्यांनी. मशीन तेच, सीटचं भोक तेच, वेळही शक्यतो तीच. लेग एक्स्टेंशनवर प्रत्येक पायाने चांगल्या पद्धतीत जास्तीत जास्त आठ-दहा रेप्स निघतील असं वजन शोधा. मग वजनाला (१ + रेप्स भागिले ३०) ने गुणा. हा अंदाजे एका रेपचा आकडा. समजा ऑपरेशन झालेल्या पायाने ३० किलोचे ८ निघाले: ३० गुणिले १.२७, म्हणजे ३८. चांगल्या पायाने ४० किलोचे ९: ४० गुणिले १.३, म्हणजे ५२. ३८ भागिले ५२, म्हणजे ७३ टक्के. जड कामासाठी हा आकडा ९०च्या पुढे हवा.

पण टक्केवारीत एक फसवणूक आहे. इतक्या महिन्यांत चांगला पायही उतरलेला असतो, त्यामुळे दोन्ही पाय सारखेच अशक्त होऊनही ९५ टक्के येऊ शकतात. ऑपरेशनच्या आधी चांगल्या पायाचे आकडे लिहून ठेवले असतील तर त्यांच्याशीच तुलना करा. नसतील तर दोन खुणा वापरा: एका पायाचा लेग प्रेस स्लेडच्या (मशीनच्या सरकत्या पाटाच्या) वजनासकट शरीराच्या दीडपट, आणि गुडघ्याच्या उंचीच्या खुर्चीवरून एका पायावर, हात न टेकता, २० किंवा अधिक उठबशा. हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट असेल तर पालथं झोपून लेग कर्लही तपासा, आणि टाच ढुंगणाजवळ असताना किती ताकद लावता येते ते खास बघा; शेवटच्या भागातली ती तूट सर्वांत उशिरा भरते, कधी पूर्ण भरतही नाही.

सहा ते बारा महिने: खरंच जड

वरच्या परीक्षेत ७५ टक्क्यांवर असाल तर आठ रेप्सवरच राहा. ८५च्या पुढे गेलात की पाचचे सेट. ९० पार आणि नऊ महिने पूर्ण, या दोन्ही अटी जुळल्या की तीनचे सेट आणि जुन्या सर्वोत्तमाच्या ८०–८५ टक्के. एक रेपचे जड प्रयत्न साधारण वर्षानंतर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर–ऑस्लो अभ्यासात, वळणं-उड्या असलेल्या खेळांत परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्याने घटलेली दिसली, आणि पुढच्या मांडीची ताकद सारखी असणाऱ्यांना धोका कमी होता. तो अभ्यास लिफ्टरांवरचा नव्हता. पण कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्या आणि त्यासाठीच वजन मारणाऱ्या मुलांना तो थेट लागू आहे: स्क्वॉट परत आला म्हणून मॅटवर उतरायचं नाही, ती परवानगी वेगळी आहे.

सरळ रेषेत खाली-वर होणारा जड स्क्वॉट एसीएलचा मोठा शत्रू नाही. लिगामेंट तुटतो तो वळताना, पाय रोवून शरीर फिरवताना, उडीवरून चुकीचं उतरताना. त्यामुळे लिफ्टरने काळजी करायची ती रेपच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन सेकंदांची.

रॅकमधून बाहेर पडणं बघा. १२० किलो खांद्यावर आहे, माणूस एक पाऊल मागे टाकतो, दुसरं टाकतो, आणि मग पंजे बाहेर वळवण्यासाठी टाच जमिनीवर ठेवूनच पाय घासत फिरवतो. सगळा भार एका गुडघ्यावर आणि त्याखाली पीळ. सवय बदला: रॉड छातीच्या मध्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे टाचा उचलाव्या लागणार नाहीत. दोनच पावलं, सरळ मागे. पंजाची दिशा बदलायची असेल तर पाऊल पूर्ण उचलून, मग ठेवायचं. परत जाताना रॉड रॅकला टेकेपर्यंत सरळ पुढे चाला, मान वळवून हूक शोधू नका. रिकाम्या रॉडवर ही पावलं पन्नास वेळा करा.

अयशस्वी रेपचीही तालीम हवी. सेफ्टी पिन सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा २–३ सेंटिमीटर खाली लावा आणि रिकाम्या रॉडने मुद्दाम बसून तो पिनवर सोडायला शिका. पिन नसलेल्या स्टँडवर जड स्क्वॉट करायचा नाही. एका बाजूने रॉड टाकून निसटणं, किंवा मागून मित्राने छातीला धरून तिरकं उचलणं, यात गुडघ्यावर पीळ येतो.

स्नॅच आणि क्लीन-जर्कवाल्यांचा, म्हणजे ऑलिम्पिक वेटलिफ्टिंग करणाऱ्यांचा, रस्ता यापेक्षा लांब आहे, कारण तिथे प्रत्येक रेप म्हणजे उडी आणि उतरणं. नवव्या महिन्याआधी पुल आणि उंच ब्लॉकवरून काम. त्यानंतर पॉवर क्लीन (अर्धवटच बसून रॉड खांद्यावर घेणं), आणि तेही एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येत असेल तरच. पूर्ण बसून घेणं वर्षानंतर. स्प्लिट जर्कमध्ये ऑपरेशन झालेला पाय पुढे येत असेल तर काही महिने पॉवर जर्कच करा.

काय बिघडतं

वाटीच्या पुढे दुखणं सर्वांत जास्त दिसतं. बहुतेकदा कारण एकच, एकाच आठवड्यात वजन आणि खोली दोन्ही वाढवलेली असते. एका वेळी एकच वाढवा. वाटीखालची दोरी दुखत असेल तर जाड पट्टा खांबाला बांधून गुडघ्यांमागून घ्या, मागे रेलून ७०–९० अंशांत बसा आणि ३०–४५ सेकंद धरा, ५ वेळा. पाठ दुखू लागली तर मागून नाही, बाजूने चित्रित करा. उठताना ढुंगण आधी वर जात असेल तर पुढची मांडी काम टाळतेय आणि ते पाठीला करावं लागतंय. वजन १५ टक्के उतरवा, लेग एक्स्टेंशन वाढवा. गुडघा निसटल्यासारखा वाटला, एकदाही, तर त्या दिवशी व्यायाम थांबवून सर्जनची वेळ घ्या.

स्लीव्हने (गुडघ्यावर चढवायच्या मोज्याने) गुडघा गरम राहतो आणि विश्वास वाटतो, पण ती ग्राफ्टला वाचवत नाही. घट्ट रॅप्स (गुडघ्याला गुंडाळायच्या पट्ट्या) पहिल्या वर्षात नकोच. ते खालून वर ढकलतात आणि मग ताकद कोणाची हे कळत नाही.

तालमीतल्या बैठका, टाचा उचलून वेगात मारायच्या त्या, वजन नसलं तरी हलका व्यायाम नाहीत. त्यात गुडघा खूप पुढे जातो आणि वाटीवर मोठा दाब येतो. सहा महिन्यांनंतर आधी टाच टेकवून, दहा-दहाच्या सेटने. शंभर-दोनशेचा आकडा वर्षानंतर. मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याचंही तसंच, आणि गादी शिवलेली असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

प्रथिनं शरीराच्या किलोमागे रोज १.६ ते २.२ ग्रॅम लागतात. ८० किलोला किमान साधारण १३० ग्रॅम. नुसत्या वरण-भाताने हे भरत नाही: एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत सुमारे ५० ग्रॅम, त्या हिशेबाने ताट मांडा.

पहिल्या जड सिंगलचा (एकाच रेपचा) दिवस

वर्ष पूर्ण, लेग एक्स्टेंशन ९० टक्क्यांच्या वर, काट्यांचा फरक पाच टक्क्यांच्या आत, मागचा महिनाभर सूज नाही. तरीही त्या दिवशी जुना विक्रम हे लक्ष्य ठेवू नका. ९० टक्के पुरे. १४० वाल्याने असं चढावं: रिकामा रॉड १० रेप्स, ६० किलो ५, ८० किलो ३, १०० किलो २, ११५ किलो १, मग १२५. मध्ये ३ ते ५ मिनिटं. मागून मोबाईल चालू. ११५च्या सेटचा व्हिडिओ लगेच बघा, आणि कंबर रेषेवरून सरकलेली दिसली तर १२५च्या प्लेट्स लावू नका, दिवस तिथेच संपवा. सरकली नसेल तर मारा. आणि दुसऱ्या सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर, चहाच्या आधी, वाटीच्या मधोमध टेप लावून आकडा वहीत लिहा.